आईच्या आईचा पुरावा

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझी धाकटी बहीण १९९५ मध्ये ठाण्याहून इस्रायलला गेली आणि अश्दोद शहरात स्थायिक झाली. तिची मुलगी तिथेच जन्मली, तिथेच शिकली आणि तिथल्या नियमाप्रमाणे तिने सैन्यातली सेवाही पूर्ण केली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मोरोक्कोहून आलेल्या एका यहुदी कुटुंबातील मुलाशी तिचे लग्न ठरले आणि दोघांनी विवाहनोंदणीसाठी अर्ज केला. इस्रायलमध्ये यहुद्यांचे लग्न धर्मपद्धतीनेच होते, नागरी विवाहाची सोय तिथे नाही. त्यामुळे वधू आणि वर दोघेही यहुदी असल्याची खात्री नोंदणी करणारे कार्यालय करून घेते, आणि धर्मशास्त्राप्रमाणे यहुदीपण आईकडून येत असल्यामुळे ही चौकशी आई, आईची आई, तिची आई अशी मागे जाते.

बहिणीच्या लग्नाचा केथुबा, म्हणजे विवाहाचे करारपत्र, तिने जाताना कल्याणला आईच्या ट्रंकेत ठेवला होता. २६ जुलै २००५ च्या पुरात त्या घरात कमरेएवढे पाणी शिरले आणि ती ट्रंक चिखलाने भरली. ठाण्याच्या मशिदीतल्या (आमच्या सिनेगॉगला आम्ही मशीदच म्हणतो) नोंदवहीवरून केथुब्याचा दाखला पुन्हा मिळाला, परंतु त्यातून एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. बहिणीने १९९५ च्या अर्जात आईच्या आईचे नाव एस्तेर असे लिहिले होते, आणि दाखल्याबरोबर गेलेल्या समाजाच्या पत्रात, जे एका वडीलधाऱ्यांच्या आठवणीवरून तयार केले होते, ते नाव राहेल असे आले होते. कार्यालयाने कळवले की ही एक व्यक्ती आहे की दोन, दोन असतील तर जन्म देणारी कोणती, आणि ती यहुदी होती याला आधार काय, हे कागदोपत्री दाखवावे.

आमची आई २०११ मध्ये वारली होती. मी तिची थोरली मुलगी, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. हे काम माझ्याकडे येणार हे उघड होते, पण खरे सांगायचे तर मला स्वतःलाच उत्तर माहीत नव्हते. माझी आजी एस्तेर. मी तिच्या हातचा चिकाचा हलवा खाल्लेला आहे, नव्याच्या सणाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, तिच्या शेजारी बसून आशीर्वाद म्हटलेले आहेत. राहेल हे नाव मी घरात कधीही ऐकले नव्हते.

आईचे एक मावसभाऊ भायखळ्याला राहतात. त्यांनी तेव्हा नव्वदी ओलांडली होती. त्यांच्याकडे गेले आणि विचारले, "मामा, राहेल कोण?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझ्या आजोबांची पहिली बायको. माझी सख्खी मावशी. तुझी आई वर्षाची होती तेव्हा गेली. एस्तेरबाईंनी पोरीला इतके पोटाशी धरले की पुढे कुणी तो विषय काढलाच नाही. तुझ्या आईलाही मोठी झाल्यावरच कळले असावे." समाजाच्या पत्रात राहेल हे नाव त्यांच्याच सांगण्यावरून आले होते. "पुरलेय कुठे?" असे विचारल्यावर त्यांनी अलिबाग तालुक्यातल्या आमच्या मूळ गावाचे नाव सांगितले.

त्या रात्री मी बहिणीला फोन केला. ऑक्टोबरचा शेवट होता, तिकडे युद्ध सुरू झाले होते, आणि बोलता बोलता भोंगा वाजला म्हणून ती सुरक्षित खोलीत धावली आणि फोन तुटला. पुन्हा लागला तेव्हा भाची बोलली. "मावशी, मी ज्या देशासाठी गणवेश घातला, त्याच देशात मी कोण आहे हे आता माझ्या पणजीने सांगायचे का?" तिचा संताप मला समजत होता, कारण तो आमच्या घरात नवा नव्हता. १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना दिल्या होत्या की बेने इस्रायल व्यक्तीचे इतर यहुद्यांशी लग्न लावताना तिच्या आईकडील पिढ्यांची शक्य तितकी मागे जाऊन चौकशी करावी. शतकानुशतके शनिवारचा शब्बाथ पाळून, सुंता करून, शेमाची प्रार्थना म्हणून कोकणात तगलेल्या लोकांना स्वतःच्या म्हणवलेल्या भूमीत संशयित ठरवले गेले. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसे जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसली, तिथल्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले आणि अखेर त्या सूचनांतून आमच्या समाजाचे नाव काढले गेले. आईचे एक नातेवाईक त्या आंदोलनात होते आणि त्यांची पत्रे आमच्याकडे मोठ्याने वाचली जात. आज चौकशी कोणाचीही होऊ शकते, एकट्या आमची नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या घरात १९६२ घडून गेले आहे त्याला हे पत्र इतरांसारखे वाचता येत नाही.

मी भाचीला म्हटले, "राग ठेव, पण कागद मी शोधते." माझ्या मनात गणित असे होते. आईचा जन्म कधी झाला, राहेल कधी वारली आणि आजोबांचे दुसरे लग्न कधी झाले, या तीन तारखा स्वतंत्र ठिकाणांहून मिळाल्या, तर एस्तेर जन्मदाती असू शकत नाही आणि राहेलच होती, हे कोणाच्याही साक्षीशिवाय सिद्ध होईल.

पहिली तारीख तहसील कार्यालयात शोधायची होती. ज्यांच्या घरी जात पडताळणीचे प्रकरण होऊन गेले आहे त्यांना कोतवाल बुक ठाऊक असेल. गावातल्या जन्ममृत्यूची ही जुनी नोंद, गाव नमुना चौदा, अभिलेख कक्षात असते आणि त्या काळातली बहुतेक पाने मोडी लिपीत असतात. मी गेले तो नोव्हेंबरचा महिना होता. राज्यभर कुणबी नोंदींचा शोध चालला होता आणि मोडी वाचणाऱ्यांना क्षणाची उसंत नव्हती. माझ्यापुढे रांगेत उभे असलेले सगळेजण पणजोबाच्या नावापुढचा जातीचा रकाना पाहायला आलेले होते, आणि मीही त्यासाठीच आले होते. एका तरुण शेतकऱ्याने मला विचारले, "मावशी, तुमची कुठली नोंद?" मी सांगितले, "इस्रायलची." त्याला प्रथम कळले नाही, मग तो म्हणाला, "म्हणजे आमच्या गावात आळी आहे ती इस्रायल?" मी हो म्हटले.

दोन खेपा रिकाम्या गेल्या. तिसऱ्या खेपेला मोडी वाचणाऱ्या निवृत्त गृहस्थांनी १९३६ ची वही काढली. आधी वर्ष चुकले असे वाटले, कारण आम्ही आडनावाने शोधत होतो आणि वहीत आडनाव नव्हतेच. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाचे आडनाव कशाला लागते? ते मुंबईला गेल्यावर चिकटते. आजोबांचे शाळेतले नाव एझेकिल. कोकणातल्या बोलीत एझेकिलचा हसाजी होतो, जसा बेन्यामिनचा बनाजी, एलियाचा एलोजी आणि इसहाकचा इसाजी. हसाजी म्हणून शोधल्यावर नोंद सापडली. मुलगी, १४ ऑगस्ट १९३६, बापाचे नाव हसाजी, पुढे त्याच्या बापाचे नाव, आणि जातीच्या रकान्यात एकच शब्द: शनवारतेली.

तो शब्द त्या गृहस्थांनी बोट ठेवून वाचला तेव्हा माझे डोळे भरून आले. घाण्यावर तेल काढणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून शेजाऱ्यांनी आम्हाला दिलेले हे नाव. आमच्या पूर्वजांना हिब्रू वाचता येत नव्हते, त्यांच्याकडे तोराचे सेफेर, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, नव्हते, इतर जगातल्या यहुद्यांशी त्यांचा संबंध शतकानुशतके तुटलेला होता, तरी सातव्या दिवशी बैल घाण्याला जुंपायचा नाही एवढे त्यांनी धरून ठेवले, आणि ते इतके ठामपणे की कुलाबा जिल्ह्यातल्या महसुली दप्तराने त्याचीच जात म्हणून नोंद केली. अश्दोदच्या कार्यालयाला हवा असलेला आधार याहून थेट कोणता असणार, असे मला त्या क्षणी वाटले. नोंदीत आईचे नाव मात्र नव्हते. असा रकानाच त्या नमुन्यात नव्हता.

दुसरी तारीख कबरस्तानात होती. ३ डिसेंबरला, रविवारी, मी आणि माझा मुलगा गावी गेलो. बरोबर ठाण्याच्या मशिदीतले हजान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, होते, कारण झिजलेले हिब्रू वाचायला सरावलेली नजर लागते. गावात आता बेने इस्रायलांचे एकही घर उरलेले नाही. कबरस्तानाची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या एका आगरी कुटुंबाकडे आहे आणि त्या घरातल्या आजींनी कोयता घेऊन नातवालाही आमच्याबरोबर पाठवले. पावसाळ्यानंतर घाणेरी आणि गवत माणसाच्या छातीपर्यंत वाढलेले होते. साफ करत, मोजत आम्ही सुमारे सत्तर दगड पाहिले. पुष्कळशा जुन्या कबरींवर नुसतेच घडवलेले काळे दगड आहेत, अक्षर एकही नाही. अक्षरे येतात ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून. मुंबईत शाळा निघाल्या, प्रार्थनांची मराठी भाषांतरे छापली जाऊ लागली आणि आमचे लोक पुन्हा हिब्रू शिकले, त्याचा परिणाम गावच्या दगडावर असा उतरलेला दिसतो.

दगड कसा वाचायचा हे मी त्या दिवशी शिकले. काही जण अक्षरांत पीठ किंवा खडू भरतात. हजानांनी ते करू दिले नाही, त्याने दगड खराब होतो. नुसते पाणी आणि मऊ ब्रश. मग आरशाने कडेने तिरपा उजेड पाडायचा, म्हणजे उथळ झालेली रेघसुद्धा सावली टाकते. दुपारी अडीचच्या सुमारास कुंपणालगतच्या एका दगडावर वरच्या बाजूला हिब्रू आणि खाली बाळबोध अशा ओळी दिसल्या. बाळबोध भाग जवळजवळ गेला होता. "हसाजी" आणि "कुटुंब" एवढेच लागले, कुटुंब म्हणजे पत्नी. हिब्रू ओळ मात्र खोल कोरलेली होती. हजानांनी एकेक अक्षर बोटाने चाचपून उच्चारले: राहेल, अमुकाची मुलगी, १२ किस्लेव, आणि पुढे वर्षाची चार अक्षरे ताव, रेश, सादे, हेथ.

हिब्रू वर्ष अक्षरांनी लिहितात आणि प्रत्येक अक्षराला संख्या असते. ताव चारशे, रेश दोनशे, सादे नव्वद, हेथ आठ, बेरीज ६९८. पाच हजार गृहीत असतात, म्हणून वर्ष ५६९८. इसवी सन काढायला ६९८ मध्ये १२४० मिळवायचे, म्हणजे १९३८ येते. पण हिब्रू वर्ष शरद ऋतूत सुरू होते आणि किस्लेव हा त्यातला तिसरा महिना असल्यामुळे एक वजा करावा लागतो. नोव्हेंबर १९३७. आई तेव्हा सव्वा वर्षाची होती. मामांनी सांगितले होते तसेच.

सर्वांत खाली पाच अक्षरे होती, ताव, नून, सादे, बेथ, हे. पुष्कळ यहुदी कबरींवर ती असतात आणि ती शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातल्या वचनावरून घेतलेली आहेत: तिचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. आम्ही छायाचित्रे काढली, पट्टी लावून दगडाचे माप घेतले, पातळ कागदावर ठसा उतरवला. मग हजान म्हणाले, "बाई, पुरावा झाला. आता हिच्यासाठी हश्कावा म्हणू या का?" हश्कावा म्हणजे मृतासाठीची प्रार्थना. १२ किस्लेव त्या वर्षी २५ नोव्हेंबरला होऊन गेली होती, आम्ही आठ दिवस उशिरा पोहोचलो होतो. कादिश या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते तिथे कुठून येणार. पण हश्कावा म्हटली. शहाऐंशी वर्षांत तिच्या नावाने ती कोणी म्हटली होती की नाही, मला सांगता येणार नाही. आगरी आजींचा नातू कोयता खाली ठेवून, हात जोडून उभा होता.

तिसरी तारीख सर्वांत सहज मिळाली. आजोबांची दोन्ही लग्ने मुंबईतल्या एकाच मशिदीत लागली होती, आणि तिथल्या मुकादमांनी, म्हणजे मशिदीच्या प्रमुखांनी, विवाहाची जुनी नोंदवही माझ्यासमोर उघडून ठेवली. पहिले लग्न १९३४, वधू राहेल. दुसरे १९३९, वधू एस्तेर. दोन्ही वधूंच्या वडिलांची नावे, साक्षीदारांच्या सह्या, लग्न लावणाऱ्या हजानांची सही. राहेलच्या वडिलांचे नाव दगडावरच्या नावाशी जुळले. शिवाय तिच्या आईवडिलांचे लग्नही त्याच वहीच्या आधीच्या खंडात निघाले, त्यामुळे चौकशी आणखी एक पिढी मागे जाऊ शकली. त्या वहीची पाने कडेने विरलेली आहेत आणि तिची दुसरी प्रत कुठेही नाही.

नकला, प्रमाणपत्रे, मंत्रालयातली साक्षांकने आणि त्यानंतरचे परराष्ट्र खात्याचे अपोस्तिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणूनचा शिक्का, यांत जानेवारी आणि फेब्रुवारी गेले. त्यात सांगण्यासारखे काही नाही. रांगा होत्या आणि शुल्क होते.

खरी अडचण भाषांतरात आली. मराठी कागदांचे हिब्रू भाषांतर एका अधिकृत भाषांतरकाराकडून करून घेतले होते, आणि त्याने आपल्या ज्ञानाप्रमाणे प्रामाणिकपणे केले होते. "इस्रायली मशीद" याचे त्याने मुसलमानांची मशीद असे केले. "शनवारतेली" याचे तेल विकणारा असे झाले आणि शनिवार गळून गेला. कार्यालयातून बहिणीला विचारणा झाली की तुमच्या आजोबांची दोन्ही लग्ने मुस्लिम प्रार्थनास्थळात का झाली. बहिणीचा फोन आला तेव्हा तिला बोलवत नव्हते.

मी त्या रात्री बसून सहा पानांचे निवेदन लिहिले आणि दुसऱ्या दिवशी हजानांनी त्यावर सही केली. बेने इस्रायल आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणतात, कारण देवळापेक्षा वेगळे, मूर्ती नसलेले प्रार्थनास्थळ दाखवायला कोकणच्या मराठीत तोच शब्द होता. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल एझेकिल दिवेकर यांनी बांधलेल्या आमच्या पहिल्या सिनेगॉगला आजही जुनी मशीद म्हणतात. रोजा, मुकादम, काजी हे शब्द आम्ही याच प्रकारे वापरतो. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाला, आमचे पूर्वज दारफाळणीचा सण म्हणत, कारण त्या दिवशी दारे लावून घेत. तिशा बाव हा शोकाचा दिवस म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे करत. हिब्रू नावे विसरली गेली होती, दिवस विसरले गेले नव्हते. शनवारतेली या शब्दाचा प्रत्येक अवयव मी फोडून सांगितला आणि शेवटी लिहिले की आमच्या यहुदीपणाची साक्ष मराठीत आहे आणि ती मराठी जाणणाऱ्याकडून वाचून घेतली पाहिजे. अश्दोदमध्ये साठ वर्षांपूर्वी मुंबईहून गेलेल्या एका आजोबांनी ते निवेदन हिब्रूत आणले. त्यांनी त्याचे पैसे घेतले नाहीत.

मे महिन्यात मंजुरी आली, दोन ओळींची. भाचीचे लग्न ऑगस्टमध्ये झाले. मी मेंदीच्या आदल्या दिवशी पोहोचले. मोरोक्कोच्या लोकांतही मेंदीची रात्र असते, त्यामुळे दोन्ही घरच्या बायका एकत्र बसल्या. मलिद्याचे ताट मी केले: पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलदोडे, वर फळे. एलियाहू हनाबीचे, म्हणजे संदेष्टा एलियाचे, गाणे म्हटले तेव्हा नवऱ्या मुलाची आजी ताटाकडे पाहत माझ्या शेजारी येऊन बसली आणि खुणेने विचारू लागली की हे काय, हे कशाचे. भाचीने सगळे समजावून सांगितले. मग तिने आपल्या सासूला मोबाइलवर दगडाचे छायाचित्र दाखवले.

ठाण्याला परतल्यावर २०२४ च्या १२ किस्लेवला मी मशिदीत राहेलच्या नावाने हश्कावा ठेवली. हजानांनी एकच नाव लिहून घेतले, तेव्हा मी एस्तेरचेही घ्यायला सांगितले. नोंदणीच्या अर्जात आजीसाठी एकच चौकट होती आणि गेले वर्षभर मी तिला त्या चौकटीतून बाहेर काढण्यासाठीच कागद गोळा करत होते, याचे ओझे मनावर होते. हजानांनी विचारले, "तिथीला तिची नाही ना?" मी म्हटले, "नाही, पण बरोबर घ्या." त्यांनी घेतली.

भारतात आता आम्ही चार-पाच हजार उरलो असू, आणि मुंबईतली ती नोंदवही आणखी किती पावसाळे काढील, हे तिचा कागद पाहिलेल्यालाच कळेल. मुकादमांची परवानगी घेऊन मी दर रविवारी तिथे जाते, पानांची छायाचित्रे काढते आणि वधू, वर, दोघांचे वडील, गाव आणि तारीख असे सारे संगणकावर उतरवून घेते. जिथे गावातले नाव आणि हिब्रू नाव वेगळे आहे तिथे दोन्ही लिहिते. मुलाने अश्दोद, लोद आणि दिमोना इथल्या नातेवाइकांना यादीची पहिली पाने पाठवली, तेव्हापासून ओळखीच्या नावांबद्दल रोज दोन-चार निरोप येतात. एका बाईंनी आपल्या आजीच्या लग्नाचे वर्ष प्रथमच पाहिले. सध्या १९४६ पर्यंतची पाने झाली आहेत.